बिनविरोध मॅनिफोल्ड

भास्करअण्णा बुधवारी दुपारी वारले. दूध संस्थेच्या कचेरीत खुर्चीवर बसलेले होते. शिपाई चहाचा कप उचलायला आला तेव्हा कळलं. मला सुदामने फोन केला, त्याच्या पाठोपाठ रफिकभाईंनी. मी कॉलेजचं ग्रंथालय बंद करून घरी आले तोवर आमच्या गल्लीत माणसं जमली होती.

गेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलावं असा रिवाज आहे, आणि अण्णांविषयी चांगलं बोलायला कोणालाही फार शोधावं लागत नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्या ओट्यावर बसलेल्यांपैकी प्रत्येकाकडे एक तरी गोष्ट होती. मी मात्र गप्प होते. माझ्याकडेही गोष्टी होत्या. पण त्यांतल्या प्रत्येकीच्या शेवटी मला अण्णांचा राग येत होता, आणि अजून येतो.

अण्णा बीडमध्ये आमच्या शेजारच्या घरात राहत आणि पालीच्या रस्त्यावरच्या एका गावातली दूध संस्था सांभाळत. पदाने सचिव. ठेंगणे, गव्हाळ, डोक्यावर पांढरी टोपी, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. सभेत कधी टेबलाच्या मधल्या खुर्चीवर बसले नाहीत. कडेची, दाराजवळची खुर्ची त्यांची. तिथून सगळ्यांची तोंडं दिसतात, असं म्हणायचे. आणि एक वाक्य त्यांच्या तोंडात कायम असे: "कुणाचं काही म्हणणं?" कोणतीही गोष्ट ठरवण्याआधी ते हे विचारत. उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारत. एखादा उगीच खाकरला तरी थांबत आणि त्याच्याकडे वळून म्हणत, "बोला की, बोला. मनात ठिवू नका."

आमच्या जिल्ह्यात दोन माणसं भेटली की पतसंस्था निघते आणि तिसरा आला की तिच्यात फूट पडते. त्यामुळे 'बिनविरोध' हा शब्द इथे सत्यनारायणाच्या प्रसादासारखा कपाळाला लावून घेतला जातो. पण इतरांचा बिनविरोधपणा निवडणुकीपुरता असे. अण्णांचा चोवीस तासांचा होता. बसस्टँडजवळच्या हॉटेलात आम्ही चौघं बसलो की सुदाम म्हणे भजी, रफिकभाई म्हणत नुसता चहा, मी काहीच म्हणत नसे. अण्णांना माझं काहीच न म्हणणं सहन होत नसे. ते पोऱ्याला थांबवून ठेवत. शेवटी एकमत होईतो भज्यांचा घाणा संपलेला असे आणि पोऱ्या सांगे, आता फक्त शेव आहे. "चालंल," अण्णा समाधानाने म्हणत, "शेवंला कुणाचा विरोध न्हाई."

दुष्काळाच्या उन्हाळ्यात गल्लीत टँकर येई. बिंदुसरेच्या धरणात तेव्हा तळाच्या चिखलाला भेगा पडल्या होत्या आणि शहराला पाणी कधी मिळेल याचा काही नेम नव्हता. टँकरच्या नळीशी अण्णा उभे राहत. कोणाची भांडणं होऊ देत नसत. म्हाताऱ्यांचं आधी, भाडेकरूंचं नंतर नको, सगळ्यांबरोबर. असं करत सगळ्या गल्लीची भांडी भरत, आणि अण्णांच्या दारातल्या बादल्यांची पाळी आली की नळीतून हवा येई. शोभावहिनी ओट्यावरून मोठ्याने म्हणत, "झालं का बिनविरोध? आता त्याच्यातच आंघोळ करा." गल्ली हसे. अण्णाही हसत. मग वहिनी रिकामी कळशी घेऊन आमच्याकडे येत आणि माझ्या पिंपातून भरून नेत, आणि जाताना म्हणत, "मॅडम, तुमाला सांगते, ह्या माणसाला स्वतःला काय पायजे ते तीस वर्षं झाली मला कळलेलं न्हाई. भाजी इचारली तरी म्हणतंय, पोरांना काय आवडंल?"

या स्वभावाला कारण होतं, ते मला उशिरा कळलं. संस्था नवी होती तेव्हा दूध गार ठेवायचं यंत्र कुठे बसवायचं यावर सभा झाली. गावात की पलीकडच्या वस्तीवर? एका मताने गाव जिंकलं. अण्णांनीच ते एक मत दिलं होतं. दुसऱ्या दिवसापासून वस्तीचं दूध खाजगी डेअरीच्या गाडीत जाऊ लागलं. दोन सख्खे भाऊ होते, एक गावात राहणारा, एक वस्तीवर. त्यांचं बोलणं बंद झालं ते एकाच्या मयतीला दुसरा गेला नाही इथवर. "एका मतानं जिंकलेलं काम अर्धं हरलेलं असतंय, ताई," अण्णा मला म्हणाले होते. "यंत्र बसलं. पण त्याच्यात वतायला दूध अर्धंच राहिलं." त्यानंतर त्यांनी कधी हात वर करून मत दिल्याचं कोणाला आठवत नाही.

अशा माणसाच्या आयुष्यात ती लाल गाडी आली.

ती परदेशी बनावटीची होती, दोन दारांची, जमिनीला चिकटून धावणारी. आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याच्या माजी अध्यक्षांच्या मुलाने ती आणली होती. सकाळी दुधाच्या रांगेपुढून तो ती उडवत नेई आणि सगळ्यांच्या कॅनवर धूळ बसे. लोक शिव्या देत. अण्णा मात्र ती दिसेनाशी होईतो बघत राहत आणि म्हणत, "एवढी गाडी एकट्याची असू नये." पुढे तो मुलगा परदेशात गेला. ऊस नाही म्हणून कारखान्याचा हंगाम बंद पडला, आणि शेडमध्ये उभी राहून राहून गाडीच्या वायरी उंदरांनी खाल्ल्या. शेवटी भंगाराबरोबर ती विकायला काढली तेव्हा अण्णांनी दोन माणसं गाठली. एक रफिकभाई, बीडचे गॅरेजवाले. दुसरा सुदाम, चकलांब्याचा, कारखान्याला ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांचा मालक, वयाने तिघांत लहान आणि तोंडाने सगळ्यांत मोठा. तिघांनी मिळून गाडी घेतली. अण्णांनी बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, "ही आपली संस्था."

चौथी मी. माझा गाड्यांशी काही संबंध नव्हता. पण इंजिनाला नवा मॅनिफोल्ड लागणार होता आणि त्याची माहिती इंग्रजीत होती. अण्णा संध्याकाळी ग्रंथालयात येत, मी कॉलेजच्या संगणकावर ती पानं वाचून त्यांना मराठीत सांगे. आठवडाभराने ते म्हणाले, "ताई, तुमी सभासद व्हा." मी म्हटलं, मी नुसती वाचून दाखवते आहे. "काम करनाराला मत न्हाई, आसं आपल्याकडं चालत न्हाई," ते म्हणाले. सुदामने कपाळावर हात मारून घेतला. "अण्णा, आवो तीन होतो, बरं होतो. आता चार झालो. दोन-दोन झालं मंजी?" "होऊ द्यायचं न्हाई," अण्णा म्हणाले.

मॅनिफोल्ड म्हणजे काय, हे मीही तेव्हाच शिकले. बाहेरची हवा आधी एका पेटीसारख्या डब्यात येते. त्या डब्यातून नळ्या निघतात, प्रत्येक सिलिंडरला एक. आमच्या इंजिनाला चार. या नळ्या लांब आणि बारीक असल्या तर इंजिन सावकाश फिरतानाही जोर मिळतो, चढावर गाडी दमत नाही. आखूड आणि रुंद असल्या तर खालचा जोर कमी होतो, पण इंजिन भरात आलं की गाडी सुटते ती सुटतेच. मूळचा मॅनिफोल्ड प्लास्टिकचा होता. शेडच्या पत्र्याखाली तापून त्याला चीर गेली होती आणि कंपनीने तो बनवणं बंद केलं होतं. म्हणजे बाहेरच्या कारखानदारांनी बनवलेल्यांपैकी एक निवडायचा होता. निवडायचं एवढंच होतं. आम्हाला त्याला सगळा उन्हाळा लागला.

दोष माहितीचा नव्हता. ओतीव बरा की पत्रा वळवून जोडलेला. डबा केवढा मोठा. बॉनेट बंद होईल का. ब्रेकला लागणारी नळी जोडायला तोटी आहे का. सगळं मी वाचलं. अण्णा लक्ष देऊन ऐकत. एखादी कंपनी आपल्या मालाचं फार कौतुक करू लागली की बोट वर करून मला थांबवत. "हे झालं ह्यांचं. ह्याच्यावर दुसऱ्या बाजूचं काय म्हणणं हाय?" मी म्हणे, अण्णा, ही जाहिरात आहे, हिला दुसरी बाजू नसते. "आसं कसं? कुणी तरी आसंलच की नाराज." मग मी नाराज माणसं शोधे. इंटरनेटवर नाराज माणसं पुष्कळ सापडतात. अण्णा त्या प्रत्येकाचं ऐकून घेत, जणू तो गावातून चालत आलेला सभासद आहे.

एवढ्यात संभाजीनगरच्या एका मोटार क्लबाने घाटात शर्यत ठेवली. कपिलधारला जाताना लागतो तो घाट. एकेक गाडी खालून सोडायची आणि वर पोचायला लागलेला वेळ मोजायचा. हौशी माणसांसाठी होती, मोठी काही नव्हे. पण अण्णा त्या बातमीने हलून गेले. असे ते क्वचितच होत. संस्थेची अवस्था तेव्हा वाईट होती. जनावरं चारा छावणीत बांधलेली, दूध रोज घटतंय, निम्मे सभासद ऊसतोडीला बाहेर जाऊन परतलेले नाहीत आणि परतलेल्यांना खाजगी डेअरी बोलावते आहे. रिकामे कॅन कचेरीच्या भिंतीला उपडे घालून ठेवलेले असत. गावात लोक उघड म्हणू लागले होते की चार जणांनी मिळून करायची कामं आता होत नसतात. अण्णांना ती गाडी घाटावर चढवायची होती. नंबर यावा असं ते कधी म्हणाले नाहीत. चौघांची गाडी चौघांना धरून वर जाते, एवढं त्यांना दाखवायचं होतं. कोणाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

मग मॅनिफोल्डची सभा रफिकभाईंच्या शेडमध्ये झाली. टायरवर अण्णा, स्टुलावर मी, सुदाम गाडीच्या चाकाला टेकून.

रफिकभाई म्हणाले, "सीधी बात हाय. घाट चढायचा. लंबी नळी लावा. नीचेसे दम मिळंल. आखूडवाला वळणावर झोपंल."

सुदाम म्हणाला, "घाट एका दिवसाचा हाय. गाडी रोजची हाय. गेवराईच्या सरळ रोडला ही गाडी ट्रकच्या मागं चालवू काय मी? आखूडच पायजे."

"रोज कोन चालवनार? तू?"

"मंग काय तुमी? तुमी तर स्कूटरला पन धक्का मारून चालू करता."

"माझ्या स्कूटरचं नाव नक्को घेऊ बे."

मला विचारलं. मी वाचलेलं सांगितलं आणि लांब नळ्यांच्या बाजूने बोलले. दोघं इकडे, एक तिकडे. माझ्या समजुतीप्रमाणे प्रश्न तिथे संपला होता. रफिकभाईंनी तर पाना उचलला. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "मी सुदामच्या बाजूनं."

सुदामसुद्धा चमकला. "कावून?"

"तू एकटा पडतुयास म्हणून."

"म्हंजे आखूड चांगला हाय म्हणून न्हाई?"

"ते मी कुठं म्हणलो?"

रफिकभाईंनी पाना पोत्यावर टाकला. "या अल्ला. अण्णा, इंजिन हाय हे. चेरमन न्हाई निवडायचा!"

"दोन-दोन झालं," अण्णा शांतपणे म्हणाले. "आता सगळ्यांना चालंल आसं कायतरी काढू."

सुदाम चिडून म्हणाला, "मंग असं करा. दोन नळ्या लांब लावा, दोन आखूड लावा. दोन सिलिंडर रफिकभाईचे, दोन माझे."

आम्ही हसलो. अण्णा हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि रफिकभाईंना विचारलं, "आसं करता येतंय का?" रफिकभाई उठून शेडच्या बाहेर गेले. बराच वेळ आत आले नाहीत.

शेवटी जो निवडला गेला तो तिसराच होता. माझ्याच वाचनात आलेला. मधल्या लांबीच्या नळ्यांचा. तो त्याच कंपनीच्या दुसऱ्या इंजिनासाठी बनवलेला होता आणि आमच्या इंजिनाच्या तोंडांशी त्याची तोंडं जुळत नव्हती. मध्ये एक जाड पट्टी कापून घालावी लागणार होती. मी हे वाचून दाखवलं. तो कोणालाच नको होता. म्हणूनच त्याला कोणी जोराने विरोधही केला नाही. आमच्याकडे अध्यक्ष असेच निवडले जातात, आणि मी तेव्हा ते बोलूनही दाखवलं. अण्णांनी विचारलं, "कुणाचं काही म्हणणं?" सुदाम मोबाइलमध्ये बघत होता. रफिकभाई म्हणाले, "माझं म्हणणं तुमाला मालूम हाय. पन विरोध न्हाई." दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. मग बॉनेटवर थाप पडली. त्या संध्याकाळी अण्णांनी आम्हाला आइस्क्रीम खाऊ घातलं. कोणतं, हे ठरवायला किती वेळ लागला ते सांगत नाही.

पट्टी लेथवर कापून आणली. बसवली. गाडी सुरू झाली तेव्हा अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पाहिलं. पण गाडी एका आवाजात उभी राहीना. आपोआप घुमायची, आपोआप मरगळायची. पट्टीच्या कडेने कुठून तरी जास्तीची हवा आत ओढली जात होती. रफिकभाईंनी ती तीनदा उतरवून घासली. इंधनाचं माप बदललं. थोडं बरं झालं. "आदमीसारखी झाली," ते म्हणाले. "कभी हौ बोलती, कभी नक्को बोलती."

गाडी कोणी चालवायची, यावरही सभा झाली. सुदामला चालवायची होती. अण्णांनी त्याचं नाव सुचवलं. रफिकभाई म्हणाले, हा घाटात गाडी ठोकील. सुदाम म्हणाला, मग कोणीच नको, अण्णाच चालवू देत. अण्णांनी नकारार्थी मान हलवली. पण आम्हा तिघांपैकी कोणाचंच काही म्हणणं नव्हतं. असे ते स्वतः बिनविरोध निवडून आले.

शर्यतीच्या सकाळी त्यांनी टोपीची घडी करून खिशात ठेवली आणि हेल्मेट घातलं. हेल्मेटमधून त्यांचं तोंड पोराचं दिसत होतं. शोभावहिनीही आल्या होत्या, पदर कानांवरून घट्ट ओढून. आम्ही दुसऱ्या वळणावर कठड्याशी उभे होतो. डोंगर करडे, झाडं नुसती काटक्यांची. आमच्या आधीच्या गाड्या गेल्या. मग खालून आमच्या गाडीचा आवाज आला. चांगला आला. पहिलं वळण घेतलेलं आवाजावरून कळलं. रफिकभाई पुटपुटत होते. गाडी आमच्यासमोरून गेली, अण्णा दोन्ही हातांनी चाक धरून सरळ पुढे बघत होते, आणि सुदाम एवढ्या जोराने ओरडला की वहिनी दचकल्या.

तिसऱ्या वळणानंतर आवाज चढला, पडला, पुन्हा चढला आणि बंद झाला.

आम्ही धावत वर गेलो. गाडी रस्त्याच्या मधोमध उभी होती. अण्णा आत बसून पुन्हा पुन्हा किल्ली फिरवत होते. क्लबाची पोरं ढकलायला आली. गाडी कडेला लागली, बॉनेटखालून तापल्याचा वास येत होता. अण्णांनी हेल्मेट काढलं आणि पहिलं वाक्य म्हणाले, "वळणापस्तोर बरी आलती."

सुदामचा तोल गेला. "बरी आलती? अण्णा, आवो लांब लावला आसता तर वर गेलो आसतो! म्या सांगतो, ज्यानं आखूड पायजे म्हणलं तो सांगतोय. तुमाला कळत होतं का न्हाई?"

"कळत होतं."

"मंग कावून न्हाई म्हणला? तुमी एक शब्द बोलला आसता तर मी गप बसलो आसतो. लई तर चार दिस फुगलो आसतो. तुमाला काय पायजे होतं, ते तरी सांगा!"

अण्णा खिशातून टोपी काढून तिची घडी मोडत होते. "मला काय पायजे, त्याचा काय संबंध?" ते म्हणाले.

त्यांनी हे नम्रपणाने म्हटलं नाही, तेही मला सांगायला हवं. त्यांना खरोखर संबंध दिसत नव्हता. वहिनी कठड्याशी उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, कारण त्यांच्या चेहऱ्यावर काय असेल हे मला माहीत होतं.

सुदाम त्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या गाडीने घरी गेला आणि पुन्हा शेडकडे फिरकला नाही. ज्याला एकटं पडू द्यायचं नाही म्हणून हे सगळं केलं, तोच गेला. अण्णांनी ही गोष्ट कधी उच्चारली नाही. ते रोज संस्थेतून परतताना रफिकभाईंकडे थांबत. "सुदाम आलता का?" एवढंच विचारत. संस्थेतही तेच चाललं होतं. खाजगी डेअरीला जोडून घ्यावं असं बहुतेकांचं मत झालं होतं, दोन घरं तयार नव्हती, आणि अण्णा त्या दोन घरांच्या ओट्यावर जाऊन बसत. बाकीचे थांबून थांबून एकेक करून निघून जात होते. मी एकदा म्हटलं, अण्णा, दोघांसाठी थांबता तेवढ्यात वीस जातात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जात्यात," ते म्हणाले. "पन मी कुणाला घालवलं न्हाई, ताई." मला त्या वेळी तोंडात येईल ते बोलावंसं वाटत होतं. मी पिशवी उचलून घरी आले.

पावसाचं काही चिन्ह नव्हतं. रफिकभाईंनी एक दिवस आपल्या मनानेच मधला मॅनिफोल्ड उतरवला. पुण्याच्या एका ओळखीच्या दुकानदाराकडून लांब आणि आखूड असे दोन्ही मागवले, पसंत नसेल तो परत करायच्या बोलीवर. ते आले त्या मंगळवारी मी कॉलेजातून परत येताना शेडकडे वळले.

रफिकभाई नमाजाला गेले होते. आत अण्णा एकटेच होते. दोन्ही मॅनिफोल्ड पोत्यांवर ठेवलेले, नव्या अॅल्युमिनियमचे, ऊन पत्र्याच्या फटीतून त्यांच्यावर पडलेलं. अण्णा त्यांच्या मध्ये उकिडवे बसले होते. डावा तळवा लांबवर, उजवा आखूडवर. गोठ्यात दोन वासरांच्या पाठीवर हात ठेवून बसावं तसे. मला पाहून उठले नाहीत.

"ताई, आज ठरवून टाकतो," ते म्हणाले. "एकट्यानं."

मी स्टुलावर बसले. खरं सांगायचं तर मला एवढा आनंद झाला की मी काही बोलायला घाबरले.

"मला पहिल्यापसून ठावं हाय कोन्ता ते," ते म्हणाले.

"मग बोट ठेवा एकावर."

"ठिवतो की." त्यांनी एक हात उचलला. तो हवेत तसाच राहिला. बाहेरून टँकर गेला, त्याची साखळी रस्त्याला घासत गेली. अण्णांनी तो हात खिशात घातला आणि मोबाइल काढला. "फक्त सुदामला एक फोन लावून बघतो. नुसतं कानावर घालतो. इचारत न्हाई."

सुदामने फोन उचलला नाही. अण्णांनी पुन्हा लावला. मग मोबाइल बंद करून गुडघ्यावर ठेवला.

"उद्या उचलंल," ते म्हणाले.

मी निघाले तेव्हा ते तिथेच बसलेले होते, आणि दुसरा हात अजून मॅनिफोल्डवर होता. कोणत्या, ते मी पाहायला हवं होतं असं नंतर वाटलं. पण त्याने काही कळलं नसतं. अण्णांच्या हाताखाली नेहमी तोच असे ज्याच्या बाजूने कोणी नाही.

दिवसकार्य झाल्यावर सुदाम शेडमध्ये आला. मी तिथे होते. तो दोन्ही मॅनिफोल्डांपाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "रफिकभाई, लांब बसवा. माझं काही म्हणणं न्हाई."

रफिकभाई म्हणाले, "नक्को. आखूड बसवू. तुला पायजे होता."

"आवो, मला नको हाय आता."

"अण्णा तुझ्या बाजूनं होते."

"अण्णा माझ्या बाजूनं नव्हते! मी एकटा होतो म्हणून होते. तुमी तिथंच होता की!"

"तरी तुझं मन मोडून मी लंबी न्हाई बसवत."

"आन् मी तुमचं मोडून आखूड न्हाई बसवत."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी लांबच्या बाजूने बोलले होते, माझं मत तेच होतं, तिघांत दोन झाले असते आणि काम संपलं असतं. मी म्हटलं, सुदामची खरंच हरकत नसेल तर बघू. रफिकभाईंनी मान डोलावली. सुदाम म्हणाला, "बघू." त्यानंतर आम्ही चहा मागवला. रफिकभाईंनी सगळ्यांना विचारून मागवला.

दूध संस्थेला नवा सचिव मिळालेला नाही. शोभावहिनी आता टँकरच्या नळीशी स्वतः उभ्या राहतात आणि आपल्या बादल्या आधी भरतात. दुकानदाराने परत करायची मुदत वाढवून दिली आहे. गाडी रफिकभाईंच्या शेडमध्ये आहे. इंजिनाच्या चार उघड्या तोंडांत धूळ जाऊ नये म्हणून त्यांनी फडकं कोंबलं आहे. आम्ही तीन सभासद आहोत.